बोहनीचं वजन

१

हेमराजच्या गाड्या तोलायच्या धर्मकाट्यावर काय चढलं, हे त्याच्या बायकोला, सोनमला, घरात बसून कळायचं. काट्याच्या दोन्ही टोकांना चढावावर एकेक लोखंडी पत्रा होता आणि दोन्ही पत्रे ढिले होते. ट्रक चढला की धडाड, ट्रॅक्टर चढला की खडखड, आणि नुसतं कुत्रं ओलांडून गेलं तरी खडाक असा एक आवाज व्हायचाच. मग पोळ्या लाटता लाटता ती आतूनच ओरडायची, "गाडी आली जी!" आणि हेमराज हातातला चहा तसाच ठेवून काटाघरात शिरायचा. पत्रे वेल्डिंग करून घे, असं त्याला दहा जणांनी सांगितलं असेल. तो म्हणायचा, फुकटची घंटा आहे, कायले काढू?

काटा कारंजा घाडग्याच्या बाहेर, नागपूर-अमरावती हायवेला लागून होता. एका बाजूला ढाबा, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, मागे हेमराजचं दोन खोल्यांचं घर. हंगामात संत्र्याचे ट्रक आणि कापसाच्या गाड्या दिवसभर लागलेल्या असायच्या. काट्यावर कोणी खुशीनं येत नाही. शेतकऱ्याला वाटतं वजन कमी दाखवलं, व्यापाऱ्याला वाटतं जास्त दाखवलं, आणि ड्रायव्हरला वाटतं हे दोघं मिळून आपला वेळ खातात. तिघांच्या शिव्या ऐकून ऐकून हेमराजही तसाच झाला होता. सरळ बोलणं त्याला जमत नसे. नरम बोलायचा तो एकाच माणसाशी, आणि ते माणूस आठ वर्षांचं होतं, त्याची मुलगी खुशी. ती शाळेतून येताना मुद्दाम पत्र्यावर उडी मारायची आणि तो काटाघरातून खोटं खोटं ओरडायचा, "कोणाचा ट्रक हाय बे?"

काटाघरातला संगणक काट्याइतकाच जुना होता. पुढे आलेलं पोट असलेला पडदा, पिवळं पडलेलं खोकं, काळ्यावर हिरवी अक्षरं. काट्याचं वजन संगणकात आणणारं एक कार्ड त्यात बसवलेलं होतं. ते कार्ड नव्या संगणकात बसत नव्हतं आणि ते बनवणारे लोक केव्हाच धंदा गुंडाळून बसले होते. म्हणून या संगणकाला जपणं भाग होतं. काम मात्र तो चोख करायचा. गाडी दोनदा चढते, एकदा भरून आणि एकदा रिकामी. आधी भरून आली की आधी रिकामी आली, हे त्याला सांगावं लागत नसे. दोन आकड्यांतला मोठा तो भरती, लहान तो खाली, म्हणजे रिकामी गाडी, आणि मधला फरक तो माल. पहिल्या वजनानंतर नोंद उघडी राहायची, दुसरं वजन झालं की बंद व्हायची, आणि प्रिंटर करकरत पावती बाहेर टाकायचा. हेमराजनं हे इतक्या वेळा केलं होतं की त्यावर विचार करणंच त्यानं सोडून दिलं होतं.

ऐन हंगामात त्या संगणकानं जागा नाही म्हणून हात वर केले. डिस्क भरली होती, एक नोंद आत जाईना. बाहेर ट्रकांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले.

२

आर्वीचा कैलास जुन्या मशीन दुरुस्त करायचा. त्याच्यासारखी माणसं आता कमी राहिली आहेत, आणि ते त्याला पक्कं ठाऊक असल्यानं तो जरा भाव खायचा. तो आला, पडदा पाहिला आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क काढली. विटेएवढी जड.

"जुनी काढाची नाई," तो म्हणाला. "तिच्याच जोडीले ही लावू. प्रोग्राम जुनीवर, नोंदी हिच्यावर."

"कोणाच्या मशीनची होती?" हेमराजनं विचारलं.

"नागपूरले भंगारात भेटली. भंगाराले मालक नसते भाऊ."

खोकं उघडलं. आत इंचभर धूळ आणि पालीची दोन वाळलेली अंडी. कैलासनं फुंकर मारली, ब्रश फिरवला. जुन्या डिस्कपासून निघालेली राखाडी पट्टी त्यानं बोटांनी चाचपली. तिच्या मधोमध एक जोड रिकामा होता, तो नव्या डिस्कला बसला. मग चिमट्यानं त्यानं डिस्कच्या पाठीवरची एक बारीक टोपी काढून दुसऱ्या दोन काड्यांवर बसवली.

"एका पट्टीवर दोन डिस्क असल्या का एक मालक पायजे, दुसरी चाकर. दोघी मालक झाल्या तं मशीन उठत नाई. हिले चाकर करून टाकली."

मशीन उठली. नव्या डिस्कचं नाव पडद्यावर आलं, कैलासनं ती पुसून कोरी केली, नोंदींचा रस्ता तिच्याकडे वळवला. सगळं सरळ झालं. एकच गोष्ट हेमराजच्या कानाला खटकली. जुनी डिस्क सुरू झाली की कुरकुर करायची. वर्षानुवर्षं त्या कुरकुरीत त्याचा दिवस गेला होता. आता ती गप्प होती आणि नवीच बोलत होती. टक. मग थोडं थांबून टक टक.

"जुनी बोलून नाई राह्यली," तो म्हणाला.

"काम करून राह्यली ना? मंग?"

हेमराजनं नव्या डिस्कवर हात ठेवून पाहिला. दुपारचं ऊन पत्र्याच्या छपरातून आत उतरत होतं, मशीन तापली होती, जुनी डिस्क भाकरीच्या तव्याएवढी नसली तरी चांगली गरम होती. नवी थंड होती. माठाच्या बुडाशी हात लावावा तशी थंड. कैलास म्हणाला, नवीन नवीन आहे, तापेल.

मग बोहनी आली, कामाचा शुभारंभ. दर दसऱ्याला हेमराज काट्याची पूजा करायचा आणि खुशीला त्यावर उभी करायचा. लक्ष्मीचं पाऊल आधी पडलं की हंगाम चांगला जातो, असं त्याच्या बापापासून चालत आलेलं. काटाघराच्या खिडकीतल्या पाटीवरचा लाल आकडा पाहायचा, हसायचं, झालं. नव्या डिस्कची बोहनीही तिच्याच पावलानं व्हावी असं त्याला वाटलं. सोनमनं कुंकवाचा करंडा आणला, नारळ फुटला, कैलासनं खोक्याला कुंकवाचं बोट टेकवलं. खुशी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून, पत्र्यावर उडी मारून चढली. खडाक.

आकडा आला पंचवीस.

एरवी तो नुसता पाहायचा. त्या दिवशी त्याला लहर आली. गाडी नंबरच्या जागी त्यानं मुलीचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. पहिली नोंद. नव्या डिस्कनं एक लांब घास गिळल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली.

"आता दुसरं वजन कवा करता?" कैलास हसत म्हणाला. "पोट्टीचं खाली वजन काय असते भाऊ?"

सगळे हसले, खुशीसुद्धा. मग ती गणवेश बदलायला घरात गेली, नारळाचे तुकडे वाटले गेले, आणि पहिला ट्रक धडाडत वर आला. त्या उघड्या नोंदीची आठवण कोणालाच राहिली नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केली तर सगळ्यात वर तीच ओळ. खुशी, दुसरं वजन बाकी. हेमराजला हसू आलं. त्यानं ती पुसायला घेतली. पुसली जाईना.

त्यानं कैलासला फोन लावला. "उघडी नोंद मिटत नाई भाऊ," कैलास म्हणाला. "काटेवाल्यानं चोरी करू नये म्हणून बनवणाऱ्यानं तसंच केलतं. एक डाव पोट्टीले उभी करा, दुसरं वजन घ्या, पावती निघून जाईन."

संध्याकाळी घेऊ, असं म्हणून हेमराज बाहेर पाहायला लागला. काट्यावर काही नव्हतं. सकाळचं फिकं ऊन, गाड्या चढतात तो लोखंडी पाट, त्यावर संत्र्याची दोन चिरडलेली सालं. पण लाल आकडा शून्यावर नव्हता. पाच किलो दाखवत होता.

यात नवल काही नाही. पाटाखाली चिखल जातो, उंदीर जातो, दहिवर पडतं. त्यानं शून्याचं बटण दाबलं. आकडा शून्य झाला, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच पुन्हा पाच. खाली उतरून त्यानं पाटाच्या फटीत काठी फिरवली. चिखल नव्हता आणि उंदीरही नव्हता. वर आला तेव्हा टेबलाखालून आवाज येत होता, टक. टक टक.

दुपारी सोनम भाजीवाल्याशी घासाघीस करून आत आली तर खुशी खाटेवर बसून बिस्किटं खात होती.

"कवा आली वं तू?" सोनमनं विचारलं. "मले पत्रा नाई आयकू आला."

"मी तं उडी मारली," खुशी म्हणाली.

सोनमला वाटलं, भाजीवाल्याच्या कटकटीत लक्ष नसेल. संध्याकाळी गाड्यांची गर्दी झाली आणि दुसरं वजन राहून गेलं. ते राहून गेलं हे चांगलं झालं की वाईट, हे हेमराजला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

४

तो रोज तिला स्कूटीवर शाळेत सोडायचा. एका सकाळी ढाब्याच्या वळणावर स्कूटी एकदम हलकी झाली. मागे कोणी नव्हतं. मागची सीट रिकामी असली की स्कूटी कशी उडते, हे हाताला कळतं, आणि तशीच ती उडत होती. पोरगी पडली. त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि मागे पाहिलं. खुशी बसली होती. दप्तर पाठीवर, डबा मांडीवर.

"बाबा, पुढे पाहा ना," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हेमराज पाहायला लागला, आणि पाहायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात येत गेलं. खुशी खाटेवर बसली की खाटेची दोरी करकरत नव्हती. अंगणातल्या फुफाट्यात सोनमच्या चपला उमटत होत्या, कोंबडीचे पायही उमटत होते, खुशीचे उमटत नव्हते. ती पत्र्यावर उडी मारायची आणि आवाज व्हायचा नाही. आवाज झाला नाही म्हणून ती पुन्हा मारायची, आणखी उंच, आणखी जोरात, आणि शेवटी रडवेली होऊन घरात पळायची.

वाळली म्हणावं तर तेही नव्हतं. गाल तसेच गोबरे, फ्रॉक तसाच तंग. सोनमनं तिला दवाखान्यात नेलं. तिथं वजनकाट्यावर उभी केली तर सुई जेमतेम हलली. सिस्टर म्हणाली, भिंत धरू नको बेटा. खुशीनं भिंत धरलीच नव्हती. सिस्टरनं स्वतः उभं राहून काटा तपासला, तो ठीक होता. मग तिनं सोनमकडे असं पाहिलं की सोनम पोरीचा हात धरून तशीच परत आली.

"काट्याचं काही बिघडलं असन," हेमराज म्हणाला. काट्याचा धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य त्याचं त्यालाच पोकळ वाटलं.

"सगळेच काटे बिघडले काय जी?" सोनम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "दवाखान्यातला बिघडला, खाट बिघडली, पत्रा बिघडला? मी तिले कडेवर घेतो तं पाखरू उचलल्यासारखं वाटते मले. तुम्ही काय केलं त्या दिवशी? काय केलं सांगा!"

काय केलं होतं? नारळ फोडला होता. नाव टाकलं होतं. त्यात भिण्यासारखं काय आहे, असं तो स्वतःला दहादा विचारायचा, आणि काटाघरात जायला लागला की पाय जड व्हायचे. कारण रिकाम्या काट्यावरचा आकडा आता पाच राहिला नव्हता. दहा झाला होता, मग पंधरा. शून्य करावा आणि तो परत यावा. शाळेत असताना त्याचं गणित कच्चं होतं. हे गणित मात्र त्याला न मांडता सुटलं. पोरीचं जेवढं कमी होत होतं, तेवढं तिथं, पाटावर, उभं राहत होतं.

त्या संध्याकाळी वेणी घालून घेताना खुशी सहज म्हणाली, "बाबा, मले कोणी उचलून धरते."

"कोण?"

"मागून. असं काखेत हात घालून." तिनं दाखवलं. "हात लय थंडे हायत."

सोनमच्या हातातून फणी खाली पडली. अंगण रिकामं होतं. तिथून काट्याची मागची बाजू दिसत होती आणि काटाघराच्या खिडकीत तो लाल आकडा.

५

हेमराजनं कैलासला बोलावलं नाही, उचलून आणलं म्हणावं लागेल. "ते काढ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ, नाई तं मशीनच फोडतो."

प्रवेशाला त्यानं साखळी बांधली. दोन ट्रकवाले शिव्या देत निघून गेले. कैलासनं मशीन बंद केली, वायर भिंतीतून ओढली, खोकं उघडलं, पट्टी सोडवली. डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि बोटं पँटला पुसली.

"बर्फ हाय हे," तो पुटपुटला. मग तो वाकला आणि डिस्कच्या पाठीकडे पाहतच राहिला.

"काय झालं?"

"टोपी. मी चाकर करून लावलती भाऊ. तुमच्या पुढं लावलती."

"मंग आता कशी हाय?"

कैलासनं टोपीवर बोट ठेवलं. "मालक," तो म्हणाला.

ते दोघं तसेच उभे असताना डिस्कनं आवाज केला. टक. तिला वायर नव्हती, वीज नव्हती, ती एका जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. टक टक. कैलास मागे सरला आणि खुर्चीला अडखळला. खिडकीतला लाल आकडा वेगळ्या विजेवर चालायचा, तो सुरूच होता. तो आता चढत होता. वीस झाला. हलला. पंचवीसच्या आसपास थरथरायला लागला.

अंगणातून सोनमची किंकाळी आली.

हायवेवरून एक लांब ट्रेलर गेला होता आणि त्याच्या वाऱ्यानं अंगणातला पालापाचोळा उडाला होता. खुशीनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. तिचे पाय जमिनीवर नव्हते. फार वर नव्हते, वीतभर असतील, पण नव्हते. वेण्या ताठ वर उभ्या झाल्या होत्या. सोनम तिच्या कमरेला लटकून तिला खाली ओढत होती आणि तिला देवाचं नावही धड घेता येत नव्हतं.

"लाव!" हेमराज काटाघराकडे पाहून ओरडला. "कैलास, लाव बे ते परत! लाव!"

आतून खडखड ऐकू आली, पट्टी बसल्याचा, बटण दाबल्याचा आवाज. मशीन उठली. खुशीचे पाय हळूहळू जमिनीला टेकले. टेकले एवढंच. त्यांच्याखाली फुफाटा दबला नाही.

हेमराजला राग आला. आयुष्यभर तो ट्रकवाल्यांवर, दलालांवर, उन्हावर, सगळ्यांवर रागावत आला होता, पण असा राग त्याला कधी आला नव्हता. ते जे कोणी होतं, ते त्याच्याशी बोलत होतं. काढून पाहा, असं म्हणत होतं.

६

उन्हं कलायला लागली होती. सोनम खुशीला पदरानं स्वतःच्या पोटाशी बांधून काट्याच्या कडेला बसली होती. हेमराज एकसारखा येरझारा घालत होता.

काट्याची रीत त्याला पाठ होती. उघडी नोंद बंद झाली की त्या गाडीचं पुढं काही होत नाही. बंद होताना जो फरक असेल तो माल, आणि माल गेला तो गेला. दुसरं वजन घेतल्याशिवाय सुटका नव्हती. पण ते वजन भरायला हवं होतं, पंचवीस.

"सोड तिले," तो सोनमला म्हणाला. "उभी करू दे."

खुशी पाटाच्या मधोमध उभी राहिली. आवाज झाला नाही. त्यानं कैलासला शून्याचं बटण आधीच दाबायला लावलं होतं, आणि या वेळी आकडा परत आला नव्हता. काटाघरातून कैलास ओरडला, "शून्य, भाऊ. काहीच नाई."

म्हणजे सगळं गेलं होतं. आत्ता बटण दाबलं असतं तर पंचवीसच्या पंचवीस माल झाला असता, आणि मग वारा आला की ती चौकट किती वेळ धरून राहिली असती?

पण हेमराज काटेवाला होता. खाली वजन वाढवायला ड्रायव्हर काय काय करतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. सीटखाली दगड ठेवतात, टाकी पाण्यानं भरतात, मागच्या बाजूला माणूस झोपवतात. त्यानं आयुष्यभर असे डाव पकडले होते. आता त्यानं स्वतः तोच केला. कडेला पडलेला संत्र्यांचा एक भरलेला क्रेट उचलून त्यानं चढावावरूनच पाटावर सरकवला, खुशीच्या पायांपाशी.

"शून्य," कैलास म्हणाला.

आणखी एक क्रेट. मग दगड. मग जॅक.

"शून्यच हाय भाऊ. घेऊन नाई राह्यला."

पाटावर जे कोणी होतं, त्याला संत्री नको होती, लोखंड नको होतं. चिडून हेमराज क्रेट बाजूला करायला स्वतः पाटावर चढला. पत्रा धडाडला, आणि आत कैलास दचकून ओरडला, "ऐंशी! ऐंशी आले!"

हेमराजचं वजन ऐंशी होतं.

तो जागीच थांबला. मग त्यानं खुशीला उचलून छातीशी धरलं. उचललं म्हणायला हातांना काही लागलंच नाही. तिनं त्याच्या मानेला मिठी मारली. तिच्या काखांपाशी त्याच्या बोटांना आणखी काहीतरी लागलं, गार, त्याच्या बोटांच्या आधी तिथं पोहोचलेलं. त्यानं हात काढला नाही. तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं तर फक्त पाट होता आणि पाटावर त्या दोघांची लांब पडलेली सावली. सावलीत हात चार नव्हते, जास्त होते. त्यानं डोळे मिटले.

"ऐंशी अजून," कैलास म्हणाला. "भाऊ, पंचवीस पायजे होते. हे जास्त झालं. वजा येईन."

"वजा नाई येत," हेमराज सवयीनं म्हणाला. "मोठा आकडा भरती, लहान तो..."

आणि तो बोलायचा थांबला.

लहान तो खाली. खुशीचे पंचवीस आता खाली होणार होते. ती रिकामी गाडी होणार होती, पंचवीसची, जशी आली तशी पूर्ण. आणि भरती तो होता. ऐंशीतले पंचवीस पोरीचे. उरलेलं सगळं माल.

त्याला भीती वाटली. त्याला अजून जगायचं होतं. पत्रे तसेच ठेवायचे होते, उद्या ट्रकवाल्यांशी भांडायचं होतं, या पोरीचं लग्न करायचं होतं. पण तिचे केस त्याच्या गालावरून पुन्हा वर उठायला लागले होते.

"बाबा, ते वढून राह्यलं," ती कानात म्हणाली.

"दाब," हेमराज म्हणाला.

"भाऊ, मी काय म्हणतो..."

"दाब म्हणलं ना बे!"

कैलासनं बटण दाबलं. टेबलाखालून तो लांब, घास गिळल्यासारखा आवाज आला, आणि प्रिंटर करकरायला लागला. त्याच क्षणी खुशी जड झाली. एकदम, पोतं अंगावर पडावं तशी, इतकी की हेमराजचे हात खाली आले आणि त्यानं तिला कशीबशी पाटावर टेकवली. ती धावत सुटली. तिचा पाय पत्र्यावर पडला. खडाक.

सोनम रडत हसली, हसत रडली. तिनं पोरीला उचललं, तिच्या वजनानं वाकली, पुन्हा उचललं आणि घरात घेऊन गेली. आतल्या खाटेची दोरी करकरल्याचं हेमराजला पाटावरून ऐकू आलं. इतका चांगला आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

कैलास पावती हातात घेऊन काटाघराच्या दारात उभा होता. तो बाहेर येत नव्हता. "भरती ऐंशी," तो वाचत होता. "खाली पंचवीस. माल पंचावन्न." त्यानं वर पाहिलं, हेमराजकडे, मग खिडकीतल्या लाल आकड्याकडे. हेमराज पाटाच्या मधोमध उभा होता आणि आकडा शून्य होता.

घरी जावं म्हणून हेमराज चालायला लागला. घराकडच्या पत्र्यावर त्यानं पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. मग त्यानं जोरानं, रागानं, खुशी मारायची तशी उडी मारली. पत्रा मुका राहिला. तो सोनमला हाक मारणार होता, तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, हायवेकडच्या टोकाला, दुसरा पत्रा वाजला. धडाड. थोडं थांबून पुन्हा धडाड. आधी पुढची चाकं, मग मागची. साखळी बांधलेली तशीच होती. पाटावर काही दिसत नव्हतं, पण माल झाला की तो न्यायला गाडी येतेच, हे काटेवाल्याला माहीत होतं.

घरातून सोनमचा आवाज आला, रडून बसलेला, पण मोकळा, रोजच्या सवयीचा.

"गाडी आली जी!"